गॅरेजमधलं विनापरवाना बिऱ्हाड: तसंच ठेवावं, नियमित करावं की मोडावं?

कॅलिफोर्नियात, बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात) किंवा लॉस एंजेलिसमध्ये जुनं घर घेणाऱ्यांच्या वाट्याला हे हमखास येतं. गॅरेजचं कधीकाळी बिऱ्हाड झालेलं असतं, कोपऱ्यात ओटा, मागून वेगळं दार, आणि शहराच्या दफ्तरी नोंद मात्र अजून 'गॅरेज' अशीच. भाडं येतंय. शिवाय आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले की त्यांचीही सोय. पण या जागेचं करायचं काय?

आहे तसं चालू ठेवण्यात आज खिशाला तोशीस नाही, म्हणून बहुतेक जण तेच करतात. मला ही वाट सगळ्यांत महागडी वाटते. बेकायदा जागेचं भाडं मालकाला वसूल करता येत नाही, असे निर्णय कॅलिफोर्नियातल्या न्यायालयांनी दिलेले आहेत. म्हणजे भाडेकरूने पैसे थकवले तर तुमची बाजू लंगडी. शेजाऱ्याच्या तक्रारीवरून तपासणी झाली आणि जागा धोकादायक म्हणून रिकामी करायचा आदेश निघाला, तर बाजारभावाने दोन महिन्यांचं भाडं आणि वीज-पाण्याच्या नव्या जोडणीची अनामत भाडेकरूला तुम्हीच द्यायची. घर विकताना विनापरवाना बांधकाम लेखी सांगावं लागतं ते वेगळंच. आणि जिवाचं काय? १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाच्या पावसात न्यूयॉर्क शहरात ११ माणसं तळघरातल्या घरांमध्ये दगावली. त्यातली बहुतेक घरं नोंद नसलेली होती. स्वस्त भाड्यासाठी माणसं अशाच जागांत राहतात, हे विसरून चालणार नाही.

नियमित करणं पूर्वी खरोखर जिकिरीचं होतं. आता बरंच बदललंय. १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या राज्याच्या कायद्यानुसार, १ जानेवारी २०२० पूर्वी बांधलेल्या अशा बिऱ्हाडाला केवळ आजच्या बांधकाम नियमांत बसत नाही म्हणून शहराला परवाना नाकारता येत नाही. आरोग्य आणि सुरक्षेला बाधा आणणारे दोष तेवढे दुरुस्त करावे लागतात. विनापरवाना बांधलं म्हणून दंड नाही. महाराष्ट्रात गुंठेवारीतलं घर नियमित करताना प्रशमन शुल्क मोजलेल्यांना हा फरक लगेच कळेल. गॅरेज गेलं म्हणून दुसरीकडे पार्किंग काढून दाखवायची सक्तीही नाही. मालमत्ता कर वाढेल, पण फक्त नव्या कामाच्या मूल्यापुरता. मूळ घराची आकारणी हलत नाही.

सगळ्यांत मोलाची तरतूद लोकांना फारशी ठाऊक नसते. अर्ज करण्याआधी परवानाधारक कंत्राटदाराकडून गोपनीय तपासणी करून घेता येते. शहराला काही कळवायच्या आधीच खर्चाचा अंदाज हातात येतो. दोषांची यादी शहराने जाहीर ठेवलेली असतेच. ती घेऊन आधी स्वतः फिरा. छत ७ फुटांपेक्षा कमी आहे का? आगीत बाहेर पडता येईल अशी खिडकी आहे का, आणि तिची खालची कड जमिनीपासून ४४ इंचांच्या आत आहे का? खिडकी मोठी करता येते. खरा खर्च भिंती उघडून वायरिंग आणि नळ बदलण्यात जातो. छत मात्र बुटकं असेल तर जमीन खोदण्यापर्यंत मजल जाते.

अशा वेळी मोडून पुन्हा गॅरेज करणं शहाणपणाचं. त्यालाही परवाना लागतो. भाडेकरू असेल तर त्याचे हक्क आडवे येतात, आणि सॅन फ्रान्सिस्कोसारख्या शहरात नोंद नसलेलं बिऱ्हाडसुद्धा सहजासहजी मोडू देत नाहीत.

माझं मत विचाराल तर, बांधकाम २०२० पूर्वीचं आणि छत पुरेसं उंच असेल तर नियमितच करा. जुनी वीजबिलं, फोटो, घरविक्रीची जाहिरात, असा बांधकामाच्या काळाचा पुरावा आधी गोळा करा. शहराची नोटीस आधीच हातात पडली असेल, तर जिवाला धोका नसलेल्या दोषांसाठी कारवाई पाच वर्षं पुढे ढकलण्याची विनंती करता येते. ही सवलतही मुख्यतः २०२० पूर्वीच्या बांधकामांना. बांधकाम त्यानंतरचं असेल तर नव्या बिऱ्हाडासारखाच रीतसर अर्ज करावा लागेल, आणि तेव्हा आजचे सगळे नियम लागू होतील.