कॅसिओ एफएक्स-८२एमएस: वाढदिवसाच्या गणितासाठी घ्यावा का?
२३ जण जमले तर त्यातल्या कुणा दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असायची शक्यता निम्म्याहून जास्त असते, हे सांगून कुणाला पटत नाही, समोर आकडा यावा लागतो आणि त्यासाठी हा साधा कॅल्सी एकदम मस्त आहे. सगळ्यांचे वाढदिवस वेगवेगळे असायची शक्यता काढायची आणि ती १ मधून वजा करायची, म्हणजे टाकायचं एवढंच: १ − ३६५ एनपीआर २३ ÷ ३६५^२३. (एनपीआर म्हणजे ३६५ × ३६४ × ३६३... असे उतरत्या क्रमाने २३ आकडे गुणणं, म्हणजे २३ जणांना वेगवेगळ्या तारखा किती प्रकारे येतात ते.) उत्तर ०.५०७२९७२३४. लोक स्वतःची तारीख धरून विचार करतात म्हणून गडबडतात, इथे २३ जणांच्या २५३ जोड्या होतात आणि त्यातली कुठलीही जुळली तरी चालते!

मला सगळ्यात आवडतं ते रिप्ले बटण, मागे जाऊन दोन्हीकडचे २३ खोडून ३० करा की लगेच ०.७०६, मुलांना आकडा चढताना स्वतःच्या हाताने बघता येतो, हे फळ्यावर होत नाही.

आता मर्यादा. ३९ जणांपर्यंत सरळ चालतं, ४० टाकलं की मॅथ एरर, कारण ३६५^४० ही संख्या १०^१०० च्या पलीकडे जाते आणि कॅल्सीची धाव तिथपर्यंतच. (३६५ चं फॅक्टोरियल, म्हणजे ३६५ पासून १ पर्यंतच्या सगळ्या आकड्यांचा गुणाकार, तर टाकूच नका, ६९ च्या पुढे फॅक्टोरियल जातच नाही.) पण उपाय सोपा आहे, ५० जणांसाठी दोन तुकडे करायचे: ३६५ एनपीआर २५ ÷ ३६५^२५ × ३४० एनपीआर २५ ÷ ३६५^२५, आणि हे १ मधून वजा केलं की ०.९७. ३४० कुठून आले तर पहिल्या २५ जणांनी २५ तारखा अडवल्या म्हणून, आणि खरं सांगायचं तर हे तुकडे करतानाच मुलांना गणित नीट कळतं, त्यामुळे मी याचे मार्क कापणार नाही.

एक गोष्ट मात्र कॅल्सीच्या हातात नाही. हे सूत्र प्रत्येक तारखेची शक्यता सारखीच धरतं, आणि आपल्याकडे जुन्या पिढीत शाळेच्या दाखल्यावर १ जून लिहिलेले किती जण सापडतात! तारखा अशा एका जागी गोळा झाल्या की जुळायची शक्यता वाढतेच, कमी होत नाही, म्हणजे आजी-आजोबांच्या ग्रुपसाठी स्क्रीनवरचा आकडा हा कमीत कमी समजायचा. २९ फेब्रुवारीवाले यात सोडलेत, त्याने फारसा फरक पडत नाही.

शंभरेक जणांचा तक्ता हवा असेल तर एक्सेल वापरा. वर्गात करून दाखवायला हाच घ्या, पाचपैकी साडेचार.