१४१ ची अकॅडमी की ६१ चा मास्तर?

अमेरिकेत नोकरी सांभाळून विमान शिकायचं मनावर घेतलेली आपली मंडळी हमखास इथे अडतात: एफएएच्या (अमेरिकेच्या विमानवाहतूक खात्याच्या) पार्ट १४१ या नियमांखालची, ठरलेल्या अभ्यासक्रमाची मोठी शाळा गाठावी, की पार्ट ६१ या जरा सैल नियमांखाली एखादा सीएफआय, म्हणजे परवानाधारक शिक्षक, धरावा? लायसन्स दोन्हीकडून एकच मिळतं. ॲरिझोनात मी दोन्हीकडे पैसे मोजलेत, म्हणून थोडं बोलतो.

भारतातून एम-१ व्हिसावर (व्यावसायिक शिक्षणाच्या विद्यार्थी व्हिसावर) येणाऱ्यांपुढे हा प्रश्नच नाही. आय-२० (शाळेने दिलेला प्रवेशाचा कागद) लागतो आणि तो १४१ वालीच शाळा देते. शाळा मात्र आधीच पारखून घ्या, कारण एम-१ वर ती बदलायची मुभा एरवी पहिल्या सहा महिन्यांपुरतीच असते. पुढचं सगळं एच-१बी आणि ग्रीन कार्डवाल्या हौशी लोकांसाठी.

तासांच्या हिशेबात १४१ स्वस्त दिसतं. पीपीएलला (हौशी वैमानिकाच्या लायसन्सला) ३५ तास, ६१ मध्ये ४०. पण ऑफिस करून उडणारा कुणी ४० तासांत आटोपलेला मी तरी पाहिला नाही, साठ-सत्तर सहज होतात. सीपीएलपर्यंत (व्यावसायिक लायसन्सपर्यंत) १९० विरुद्ध २५० हा फरक खरा मोठा. तरी भारतात परत जाऊन डीजीसीएचं (तिथल्या विमानवाहतूक खात्याचं) व्यावसायिक लायसन्स करायचं असेल तर तिथे २०० तास मागतात, म्हणजे वरचे दहा भरावेच लागतात.

आता माझं दुखणं: स्टेज चेक. १४१ मध्ये प्रत्येक टप्प्याला दुसरा इन्स्ट्रक्टर तुम्हाला तपासतो आणि त्याने मान डोलावल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. कल्पना उत्तम आहे, वाद नाही. पण माझ्या सोलोआधीच्या (पहिल्यांदा एकट्याने उडण्याआधीच्या) चेकच्या वेळी तपासणारा एक आणि रांगेत पोरं ढीगभर, बहुतेक पूर्णवेळ शिकणारी. मला मोकळा फक्त शनिवार-रविवार. कधी तो सुटीवर, कधी क्रॉसविंड (धावपट्टीला आडवा वारा) शाळेच्या मर्यादेबाहेर, कधी विमान शंभर तासांच्या तपासणीला हँगरमध्ये. तेवढ्यात हात बिघडतो. फ्लेअर (टेकण्याआधी नाक उचलणं) फार वरच व्हायला लागला, विमान शेवटचे काही फूट दगडासारखं खाली बसायचं. मग 'चेकच्या तयारीसाठी' आणखी तास, आणि इंजिन सुरू म्हणजे भाड्याचे तास मोजणारा हॉब्स मीटर सुरू. नवीन काही न शिकता बिलं येत होती.

शेवटी एका छोट्या, टॉवर नसलेल्या विमानतळावरचे पार्ट ६१ चे मास्तर गाठले. वयस्कर, कमी बोलणारे. आधीचे तास बुडत नाहीत, ६१ मध्ये धरले जातात. त्यांनी लॉगबुक चाळलं, लेखी चाचणी घेतली, मी पुन्हा नीट उतरायला लागेपर्यंत लँडिंगच लँडिंग करवून घेतली. मग एका सकाळी वारा पडलेला बघून रॅम्पवरच (विमानं उभी असतात तिथेच) सोलोच्या परवानगीची सही ठोकली, दार लावलं आणि तीन बोटं दाखवली. तीन फेऱ्या, एकट्याने. तारीख नाही, रांग नाही.

६१ मध्ये सगळं गोड आहे असं नाही. मास्तर तरुण असेल तर १५०० तास भरले की एअरलाइनला पळतो, आणि नवा आलेला पुन्हा पहिल्यापासून उजळणी घेतो. म्हणून जमलं तर पिकलेला बघा. परदेशी नागरिकांना लागणारी टीएसएची (वाहतूक सुरक्षा खात्याची) मंजुरी, बोटांचे ठसे वगैरे दोन्हीकडे आहेतच, पण एकट्याने शिकवणाऱ्याची टीएसएकडे नोंदणी आहे का हे पहिल्या फोनवरच विचारा. मला आधी एकाने याच कारणावरून नम्रपणे नकार दिला होता.

आठवड्याचे पाच दिवस मोकळे असतील, कुणीतरी हाकायला लागत असेल, तर १४१ वाईट नाही. तिथे रेकॉर्ड चोख असतात, काही शाळांना तर अंतिम परीक्षा स्वतः घ्यायचाही अधिकार असतो. वीकेंडवाल्याला मात्र मी, विचारलंच तर, ६१ कडे पाठवीन. फक्त चेकराइडसाठी (अंतिम उड्डाण परीक्षेसाठी) डीपीईची, म्हणजे एफएएने नेमलेल्या परीक्षकाची, तारीख लवकर मिळत नाही. सोलो क्रॉस-कंट्री (एकट्याने दुसऱ्या विमानतळांपर्यंतची उड्डाणं) चालू असतानाच त्याला गाठून ठेवा.