तीन बटणं दाबली आणि केळीच्या गाडीचे पैसे गेले

जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याजवळ आमचं केळीचं छोटं काम आहे. बागेत कापणी लावायची, काट्यावर वजन करायचं, गाडी भरून दिल्लीला पाठवायची. ऑफिस म्हणजे पत्र्याची खोली, त्यात टेबल, कॉम्प्युटर आणि भिंतीवर खिळ्याला अडकवलेल्या बिल्ट्या. सप्टेंबर २०२५ मध्ये, नवरात्राच्या तोंडावर, याच खोलीत बसून मी २ लाख १३ हजार रुपये घालवले. उपासाचे दिवस म्हणजे दिल्लीत केळीला मागणी. गाड्या रोज चालू होत्या, म्हणून तर जास्त कळलं नाही.

आमच्याकडे सकाळी पहिला प्रश्न एकच असतो, बऱ्हाणपूरला काय भाव निघाला. मी तो कॉम्प्युटरवर शोधायचो. एका साइटवर भावाचा तक्ता अर्धवट झाकलेला दिसला. खाली लिहिलं होतं, पूर्ण भाव बघायला 'अलाऊ' दाबा. दाबलं. भाव काही दिसला नाही, पण त्या दिवसापासून स्क्रीनच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात चौकटी यायला लागल्या. आधी कर्जाच्या जाहिराती, मग लॉटरी, मग 'तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे'. विंडोजचे स्वतःचे निरोपही त्याच कोपऱ्यात येतात. त्यामुळे त्या साइटची बडबड मी कॉम्प्युटरचीच समजत होतो.

आता तेव्हाच्या बातम्या आठवा. ऑगस्टमध्ये पर्प्लेक्सिटी नावाच्या कंपनीने गूगलचा क्रोम ब्राउझर साडेचौतीस अब्ज डॉलरला मागितला होता. सर्च इंजिनच्या मक्तेदारीच्या खटल्यात गूगलला क्रोम विकायला लावावं, अशी अमेरिकन सरकारचीच मागणी होती. २ सप्टेंबरला न्यायाधीश अमित मेहता यांनी ती नाकारली, म्हणजे क्रोम गूगलकडेच राहिला. पण हा शेवटचा भाग आमच्या चहाच्या टपरीपर्यंत पोचलाच नव्हता. तिथे एकच चर्चा, 'काय भो, क्रोम विकलं म्हणे!' त्यात विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबरला बंद होणार, अशी खरी सूचना माझा कॉम्प्युटर अधूनमधून देतच होता. काहीतरी बदलतंय आणि आपण मागे पडतोय, ही भीती डोक्यात तयारच होती.

अशात एका दुपारी कोपऱ्यात चौकट आली. 'क्रोमची मालकी बदलली आहे. जुनी आवृत्ती आज रात्री बंद होईल.' मराठीत, जरा ओबडधोबड. सरकारी मराठीही तशीच असते, म्हणून मला त्यात काही वावगं वाटलं नाही. दाबल्यावर क्रोमच्या रंगीत गोळ्याचं पान उघडलं. त्यावर तीनच पायऱ्या होत्या. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. मग कंट्रोल आणि व्ही. मग एंटर.

मी दाबली. एक काळी खिडकी चमकून गेली आणि पानावर हिरवी खूण आली, 'अपडेट पूर्ण'. मी समाधानाने चहा मागवला.

जळगावला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या पुतण्याने नंतर सगळं उलगडून सांगितलं. पानावर क्लिक करताच त्या पानाने गुपचूप एक आज्ञा कॉपी करून ठेवली होती. विंडोज आणि आर दाबलं की विंडोजची आज्ञा घेणारी चौकट उघडते. कंट्रोल आणि व्हीने चोराची आज्ञा तिथे चिकटली आणि एंटरने मी ती चालवली. मी कुठलीही फाईल उतरवली नव्हती. 'अनोळखी फाईल उघडू नका' हे मला पाठ होतं आणि मी ते पाळलंही होतं. म्हणून ब्राउझरने तांबडी सूचना दिली नाही आणि अँटीव्हायरसही गप्प राहिला. हीच चाल 'मी रोबोट नाही' असं सिद्ध करायला सांगणाऱ्या खोट्या चौकटीतूनही खेळतात, असं तो म्हणाला.

पुढचे काही दिवस शांततेत गेले. मग दिल्लीच्या व्यापाऱ्याला थकलेल्या गाडीबद्दल फोन केला.

"भाई साहब, पेमेंट तो सोमवार को ही डाल दिया."

"कौन से खाते में?"

"जो नया खाता आपने मेल किया था."

माझ्या पोटात गोळा आला. मेल माझ्याच पत्त्यावरून गेला होता. बिल माझंच, गाडी नंबर बरोबर, वजन बरोबर, खाली माझी सही. फक्त खाते क्रमांक वेगळा. सोबत एक ओळ, जुन्या खात्याचं ऑडिट चालू आहे म्हणून या खात्यात टाका. त्याने खात्री करायला उलट मेलही केला होता. तो मला दिसलाच नाही, कारण चोराने माझ्या मेलमध्ये नियम लावून ठेवला होता की या माणसाचे मेल आले की थेट कचऱ्यात जावेत. त्याला उत्तर चोरानेच दिलं, 'हाँ जी, सही है.'

मला कळत नव्हतं ते हे, की माझ्या मेलला मोबाईलवर कोड येतो, मग हा आत शिरलाच कसा? पुतण्याने मार्केटच्या गेटचं उदाहरण दिलं. गेटवर एकदा पावती फाडली की दिवसभर कोणी विचारत नाही. ब्राउझरही तसंच करतो. आपण एकदा पासवर्ड आणि कोड दिला की एक चिठ्ठी जपून ठेवतो, कुकी म्हणतात तिला. चोराने सेव्ह केलेल्या पासवर्डसोबत ती चिठ्ठीही नेली. चिठ्ठी हातात असल्यावर कोड कोण मागतो?

सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक १९३०, तिथे फोन लावला. तिकडून पहिला प्रश्न आला, पैसे कोणाच्या खात्यातून गेले? व्यापाऱ्याच्या. मग त्या व्यवहाराचा यूटीआर नंबर, म्हणजे बँकेने व्यवहाराला दिलेला क्रमांक, घेऊन तक्रार त्याने करायला हवी. १९३० देशभर एकच आहे, तक्रार सरकारच्या cybercrime पोर्टलवरही होते, पण व्यापाऱ्याला पटवण्यात दीड दिवस गेला. त्याचं म्हणणं, चूक तुमच्या कॉम्प्युटरची, पोलिसांच्या भानगडीत मी का पडू? त्या दीड दिवसाचा राग मला चोराइतकाच त्याच्यावरही आहे, खोटं कशाला बोलू. तोवर पैसे पुढच्या खात्यांत फिरून निघून गेले होते. ४१ हजार तेवढे एका खात्यात होल्ड झाले. बँकेत गेलो तर उत्तर मिळालं, पार्टीने स्वतःहून पाठवलेत, आम्ही काय करणार.

एक सोय मात्र व्यापाऱ्याच्या हाताशी होती. एनईएफटी किंवा आरटीजीएस करताना समोरच्या खात्यावर कोणाचं नाव आहे ते आधी दाखवण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत द्या, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं होतं. त्याने ते नाव बघितलंच नाही. बघितलं असतं तर माझ्या आडनावाच्या जागी भलतंच काहीतरी दिसलं असतं. तुम्ही कोणाला मोठी रक्कम पाठवत असाल तर ते नाव वाचा, आणि खातं बदलल्याचा मेल आला तर उलट मेल नको, जुन्या नंबरवर फोन करा.

कॉम्प्युटर पूर्ण पुसून विंडोज नव्याने टाकलं. पासवर्ड बदलले ते बायकोच्या मोबाईलवरून. पुसण्याआधी त्याच कॉम्प्युटरवर बदलले असते तर नवेही चोराकडे गेले असते. मेलमध्ये 'सगळ्या उपकरणांवरून बाहेर पडा' केलं, म्हणजे चोराकडची चिठ्ठी बाद झाली. नुसता पासवर्ड बदलून थांबू नका. मेलच्या सेटिंगमधले फिल्टर आणि फॉरवर्डिंगही उघडून बघा. माझा तो कचऱ्याचा नियम तिथेच सापडला. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनची यादी असते, म्हणजे 'अलाऊ' दाबून कोपऱ्यात चौकटी टाकायची परवानगी दिलेल्या साइटची. माझ्या यादीत सव्वीस साइट निघाल्या. भावाच्या, पंचांगाच्या, निकालाच्या, एक तर चक्क सासूबाईंच्या रेसिपीची. सगळ्या उडवल्या.

अपडेटचं म्हणाल तर क्रोम ते स्वतःच करतो. कुठलंही वेब पान ते करायला सांगत नाही. शंका आली तर वर उजवीकडचे तीन ठिपके दाबायचे, त्यात 'मदत', त्यात 'क्रोमबद्दल'. तिथे आवृत्ती दिसते, नवी आली असेल तर तिथेच उतरते आणि ब्राउझर बंद करून उघडला की लागू होते. मोबाईलवर प्ले स्टोअर.

आता गावातले लोक मलाच विचारतात, मग कोणता ब्राउझर घ्यावा? जसं काही फसलेला माणूस तज्ज्ञ होतो. एज, ब्रेव्ह, ऑपेरा, आपल्या झोहोचा उला, हे सगळे क्रोमच्याच क्रोमियम या पायावर उभे आहेत. फायरफॉक्सचं इंजिन वेगळं. पण मी यातला कोणताही वापरत असतो तरी ती तीन बटणं विंडोजला आज्ञा देणारीच होती. त्याच पर्प्लेक्सिटीच्या कॉमेटसारखे एआयवाले नवे ब्राउझर आपल्या वतीने मेल वाचतात, उत्तरं लिहितात म्हणे. माझ्या वतीने मेल लिहिणारा एक नुकताच भेटून गेलाय, त्यामुळे मी सध्या थांबलोय.

व्यापाऱ्याशी शेवटी अर्धं-अर्धं ठरलं. माझ्या वाट्याचे पुढच्या गाड्यांतून कापून घेतले. होल्ड झालेले ४१ हजार अजून सुटायचे आहेत, अर्ज दिलाय. आता गाडी सुटली की तो स्वतः फोन करतो, "खाते के आख़िरी चार अंक बोलो," आणि मी बोलतो. खातं गेली अकरा वर्षं तेच आहे.