अभ्यास माझा, उत्तरं त्याची: जुनी आलिशान एसयूव्ही घेताना झालेली फसवणूक

गाडी घरी आणली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून पाहिलं, तर ती एका अंगाला बसलेली. खाली गेले. मागचं डावं चाक मडगार्डच्या आत गेलं होतं, मधे बोट शिरत नव्हतं. उजवीकडे मात्र अख्खा पंजा आरामात जात होता. नवऱ्याने इंजिन चालू केलं, मागून कुठूनतरी घरघर सुरू झाली आणि दोनेक मिनिटांत गाडी हळूहळू उठून सरळ उभी राहिली. "बघ, उठली की," तो म्हणाला. मलाही हायसं वाटलं. खरं तर आमच्याशी काय खेळ झाला होता तो सगळा त्या दोन मिनिटांत समोर दिसत होता, पण तो ओळखण्याइतकं आम्हाला कळत नव्हतं.

मी डोळे झाकून गाडी घेतली असती तर हे लिहायला बसले नसते. तीन महिने अभ्यास केला होता. आणि मला फसवताना त्या माणसाने माझाच अभ्यास वापरला, म्हणून हे सविस्तर सांगते आहे.

घरात सहा माणसं, त्यात आईचे गुडघे दुखरे. प्रशस्त आणि मऊ चालणारी गाडी हवी होती. नवी आवाक्याबाहेर होती. दहा-पंधरा वर्षं जुन्या आलिशान एसयूव्ही मात्र मूळ किमतीच्या अगदी थोड्या भागात मिळतात. त्यातली मेख मला ठाऊक होती: गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. म्हणून एक वही केली आणि प्रत्येक मॉडेलला एक पान दिलं.

पहिल्या पिढीच्या पोर्श कायेनच्या पानावर लिहिलं होतं की व्ही-८ इंजिनात इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या भागाच्या, खालून कुलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) प्लास्टिक पाइप जातात, उष्णतेने ते ठिसूळ होऊन फुटतात, तेव्हा अ‍ॅल्युमिनियमचे बसवलेत का ते विचारायचं. दुसऱ्या पिढीच्या मर्सिडीज एमएलमध्ये सुरुवातीच्या काही ३.५ लिटर व्ही-६ इंजिनांत बॅलन्स शाफ्टचं (इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या दांड्याचं) दातेरी चक्र वेळेआधी झिजतं. भाग छोटा, पण तिथवर पोचायला इंजिन खोलावं लागतं. बीएमडब्ल्यू एक्स५ च्या त्या काळातल्या व्ही-८ मध्ये व्हॉल्व्हचे सील कडक होतात. दहा-पंधरा मिनिटं गाडी नुसती उभी चालू ठेवून मग रेस दिली की मागून निळा धूर. रेंज रोव्हर आणि डिस्कव्हरीच्या पानांवर एअर सस्पेन्शन, म्हणजे लोखंडी स्प्रिंगऐवजी हवा भरलेल्या रबरी एअर स्प्रिंग, आणि त्यांत हवा भरणारा कंप्रेसर. लेक्सस जीएक्स ४७० चं पान सगळ्यात रिकामं होतं. टोयोटाचं ४.७ लिटरचं व्ही-८ इंजिन, टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या आतल्या भागांचा मेळ राखणारा पट्टा) दीड लाख किलोमीटरच्या आसपास बदलायचा, सांगाडा मजबूत, पेट्रोल भरपूर पिते. त्यापुढे लिहिण्यासारखं फारसं सापडलं नाही.

शेवटी दोन गाड्या उरल्या. एक याच लेक्सससारखी जपानी, मीटरवर २,४०,००० किलोमीटर, ड्रायव्हरच्या सीटचं चामडं फाटलेलं. दुसरी युरोपियन, मीटरवर ८८,०००, आत-बाहेर चकचकीत. तिचं नाव लिहीत नाही, कारण अपराध ती गाडी बनवणाऱ्यांचा नाही, ती आम्हाला दाखवणाऱ्याचा आहे. तिला एक बटण होतं. ते दाबलं की एअर सस्पेन्शनमधली हवा उतरून गाडी खाली बसते आणि आईला पाय फारसा न उचलता आत जाता येतं. मन तिथेच अडकलं.

विकणाऱ्याशी पहिलं बोलणं फोनवर झालं. आवाज शांत, बोलणं अदबीचं. म्हणाला, "ताई, आधी तुमच्या मनात काय काय शंका आहेत ते सांगा. जे झालंय ते झालंय सांगेन, नाही ते नाही. जुन्या गाडीत लपवण्यासारखं काय असतं?" मला केवढा धीर आला! मी वही उघडली आणि वाचत गेले. टायमिंग चेन, म्हणजे बेल्टच्या जागी असलेली साखळी, बदलली आहे का? कुलंटचे पाइप? एअर सस्पेन्शनचा कंप्रेसर? गिअरबॉक्सचं ऑइल? तो मधेमधे "हं, हं" करत होता. आज मला खात्री आहे की पलीकडे तो लिहून घेत होता.

दोन दिवसांनी गाडी बघायला गेलो तेव्हा त्याच्या हातात एका गॅरेजचं बिल होतं. त्यावर टायमिंग चेन, कुलंट पाइप, कंप्रेसर, गिअरबॉक्स ऑइल अशी कामं. मी फोनवर विचारलेल्या साऱ्या गोष्टी, आणि त्याच क्रमाने. त्याबाहेरचं एकही काम नाही. वर्षभरापूर्वीची तारीख, पण कागदाला घडी नाही, तेलाचा डाग नाही. त्यावर ना चेसिस नंबर होता ना त्या दिवसाचे किलोमीटर. मी ते बिल दोन्ही हातांत धरून वाचलं आणि मला वाटलं, चला, वहीतल्या सगळ्या शंका फिटल्या.

आम्ही पोचलो तेव्हा इंजिन चालूच होतं. "आत्ताच पेट्रोल भरून आणली," तो म्हणाला. चालवून पाहिली ती तशीच, तासभरात इंजिन एकदाही बंद झालं नाही. गरम इंजिनात ऑइलचा दाब भरलेला असतो, सैल पडलेली चेन तेव्हा सहसा वाजत नाही. ती वाजते रात्रभर थंड पडलेलं इंजिन चालू होताना, पहिल्या काही सेकंदांत, डब्यात खिळे हलवल्यासारखी. आणि चालू इंजिनावर कंप्रेसर हवा भरत राहतो, त्यामुळे गळकं एअर सस्पेन्शनही ताठ उभं दिसतं. एक इंजिन चालू ठेवून त्याने दोन रोग झाकले.

काही दिसलंच नाही असं नाही. ब्रेकच्या पेडलचं रबर उजव्या कडेला झिजून आतलं लोखंड दिसत होतं आणि स्टिअरिंगचं चामडं मात्र कोरं करकरीत. ८८,००० किलोमीटरमध्ये पेडल इतकं झिजत नाही. मी ते पाहिलं, नवऱ्याला कोपराने खुणावलं, त्यानेही पाहिलं. मग त्या माणसाने बटण दाबून गाडी खाली बसवून दाखवली आणि पेडलचा विषय आमच्या डोक्यातून गेला. आमचा मेकॅनिक आणू का विचारलं तर म्हणाला, "जरूर आणा, पण उद्या दुसरी पार्टी येतेय. हवं तर आजच माझ्या ओळखीच्या गॅरेजमध्ये तपासून रिपोर्ट देतो." रिपोर्ट आला, सगळं उत्तम. कागदपत्रांवर नाव दुसऱ्याचं होतं. भाऊ आहे, परगावी असतो, म्हणाला. करारात 'गाडी जशी आहे तशी घेत आहे' हे वाक्य होतं. त्याखाली माझी सही आहे.

त्याच आठवड्यात जपानी गाडीच्या मालकाकडेही जाऊन आलो होतो, हे सांगताना आजही जीव कासावीस होतो. वयस्कर गृहस्थ. फोनवरच म्हणाले, "सकाळी सहाला या. रात्रभर उभी असेल, थंड इंजिन तुम्हीच चालू करा." त्यांच्याकडे बिलांची जाडजूड फाइल होती. बेल्ट वॉटर पंपासकट बदललेला, मागच्या एअर स्प्रिंग एकदा बदललेल्या, एसीचा एक फ्लॅप अडकतो तो अजून दुरुस्त केलेला नाही, हेही त्यांनी न विचारता सांगितलं. फाइलमधल्या प्रत्येक बिलावर किलोमीटर होते आणि ते पान उलटताना चढत जात होते. आम्ही फाटलेली सीट आणि २,४०,००० चा आकडा पाहून नकार दिला.

आमच्या गाडीचा चेक इंजिनचा दिवा सहाव्या दिवशी लागला. ओळखीच्या मेकॅनिककडे नेली. त्याने स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला आणि पडदा माझ्याकडे वळवला. "वहिनी, हे वाचा." एका ओळीत लिहिलं होतं: कोड पुसल्यापासून धावलेलं अंतर, २१२ किलोमीटर. आम्ही गाडी घेतल्यापासून साधारण दोनशे चालवली होती. म्हणजे दाखवण्याच्या दिवशीच किंवा आदल्या दिवशी कुणीतरी गाडीच्या मेंदूतल्या सगळ्या तक्रारी पुसल्या होत्या. कोड म्हणजे गाडीने स्वतः नोंदवलेली बिघाडाची खूण; तो पुसला की दिवा विझतो, बिघाड तिथेच असतो. गाडी थोडी धावली, तिच्या आतल्या चाचण्या पूर्ण झाल्या की तो परत दिसतो. त्या चाचण्या पूर्ण झाल्यात का हेही स्कॅनर सांगतो. विकायला आणलेल्या गाडीत बहुतेक चाचण्या 'अपूर्ण' दिसल्या तर नुकतंच काहीतरी पुसलंय किंवा बॅटरी काढलीय असं समजायचं. स्वस्तातला स्कॅनरही एवढं दाखवतो.

परत आलेला कोड होता पी ००१६. क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट या चेनने जोडलेल्या इंजिनातल्या दोन फिरत्या दांड्यांचा मेळ बसत नाही, असा त्याचा अर्थ. अशा इंजिनात पहिला संशय ताणलेल्या टायमिंग चेनवर. बिलाप्रमाणे वर्षापूर्वी बदललेली तीच चेन. पुढे कव्हर उघडल्यावर मूळचीच निघाली. मग मेकॅनिकने गिअरबॉक्सच्या मोड्यूलमधली (त्याच्या छोट्या संगणकातली) नोंद काढली. पुष्कळ गाड्यांत किलोमीटर मीटरखेरीज इतरही एक-दोन ठिकाणी लिहिले जातात आणि मीटर मागे करणारे ते सगळे बदलतातच असं नाही. तिथे १,६१,००० होते. मागच्या डाव्या एअर स्प्रिंगवर त्याने साबणाचं पाणी मारलं. रबराच्या घडीत बारीक बुडबुड्यांची एक ओळ उठली आणि फुगत राहिली. कंप्रेसर ती गळती भरून काढता काढता भाजून निघाला होता.

मेकॅनिकने आणखी एक गोष्ट दाखवली, ती मी आता भेटेल त्याला सांगते. इंजिन चालू न करता किल्ली फक्त 'ऑन'पर्यंत फिरवायची. त्या वेळी चेक इंजिन, एबीएस (ब्रेक लावताना चाकं अडकू न देणारी यंत्रणा), एअरबॅग हे सगळे दिवे लागायला हवेत. आमच्या गाडीत एअरबॅगचा दिवा लागतच नव्हता. एअरबॅगमधला बिघाड कळू नये म्हणून तो दिवा मुद्दाम मारून टाकला होता. आई त्या गाडीत पुढच्या सीटवर बसली होती. पैशांचं दुःख ओसरेल, पण ह्या एका गोष्टीबद्दल त्या माणसाला मी माफ करू शकत नाही.

दुरुस्तीचा अंदाज गाडीच्या किमतीच्या दोन तृतीयांश आला. त्याचा फोन तोवर बंद झाला होता. कागदपत्रांवरच्या मालकाचा शोध लागला. त्याला असा कुणी भाऊच नव्हता. त्याने सात महिन्यांपूर्वी गाडी विकली होती, मीटर दीड लाखाच्या पुढे होता, आणि चेन वाजते हे सांगून किंमतही कमी घेतली होती. बिलावरचं गॅरेज खरं निघालं, पण त्यांच्या वहीत हा चेसिस नंबर कधी आलाच नव्हता. एक फोन, तोही घेण्याआधी केला असता तर! आम्ही लेखी तक्रार दिली आहे. निकाल अजून लागलेला नाही.

तुम्ही अशी गाडी शोधत असाल तर कुठल्या मॉडेलची ख्याती काय आहे हे जरूर वाचा, पण ते विकणाऱ्याला ऐकवू नका. त्याला फक्त विचारा, "काय काय कामं केलीत?" आणि गप्प बसा. ज्याने खरंच गाडी सांभाळली आहे त्याला तुमच्या यादीत नसलेली कामंही आठवतात. बिलावर चेसिस नंबर आणि किलोमीटर नसतील तर ते बिल धरू नका. गॅरेजचा नंबर बिलावरून न घेता स्वतः शोधून फोन करा. सतरा अक्षरांचा चेसिस नंबर काचेखालच्या पट्टीवर, दाराच्या चौकटीवर आणि कागदावर एकच आहे ना ते बोट ठेवून वाचा. गाडी आदल्या संध्याकाळी उभी करायला सांगा आणि सकाळी बॉनेटवर हात ठेवून पाहा, गरम लागलं तर इंजिन चालू न करताच परत फिरा. चारही चाकं आणि त्यांच्यावरचं मडगार्ड यांमधलं अंतर बोटांनी मोजा. गिअरबॉक्सचं ऑइल जन्मभर बदलावं लागत नाही असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. अशा असंख्य गाड्यांचे गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतःच ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला ते बदलायला सांगते. फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर चारही टायर एकाच जातीचे आणि सारखे झिजलेले हवेत, नाहीतर पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या ट्रान्सफर केसवर सतत ताण येतो. मेकॅनिक मात्र तुमचाच हवा, आणि 'उद्या दुसरा घेऊन जाईल' असं म्हणणाऱ्याला खुशाल नेऊ द्या.

जपानी गाडीच्या त्या गृहस्थांना मी नंतर फोन केला होता. गाडी गेली होती. घेणारा सकाळी सहालाच आला होता, म्हणाले.

आमची गाडी अजून दारात आहे. चेन आणि एअरबॅगचं काम करून घेतलं, मीटरचं खरं वाचन लेखी घेतलं. पुढेमागे ती विकू, तेव्हासाठी स्कॅनरच्या त्या पडद्याचा छापील कागद कागदपत्रांच्या फाइलमध्ये सगळ्यात वर लावून ठेवला आहे. घ्यायला येईल त्याने आधी तो वाचायचा, मग मी किल्ली देणार.