हिप रिप्लेसमेंट मागून करावं की पुढून, आणि पाय लांब-आखूड होण्याचं काय?

ऑपरेशन करायचं हे ठरलंय, नवा सांधा सिरॅमिकचा की प्लॅस्टिकचा तेही डॉक्टरांशी बोलून झालंय, आता फक्त खुबा मागून, म्हणजे कुल्ल्याकडून उघडणारा सर्जन घ्यायचा की पुढून, म्हणजे मांडीच्या पुढच्या बाजूने उघडणारा एवढाच घोळ उरलाय, अशा लोकांसाठी लिहितोय. माझा उजवा खुबा मागून झालाय आणि डावा काही वर्षांनी पुढून, म्हणजे तुलना घरातच आहे. मी डॉक्टर नाही, आणि एका माणसाच्या दोन खुब्यांवरून फार काही सिद्ध होत नाही हे मान्यच.

दुखणं, काठी वगैरे पटकन उरकतो. पुढून केलेल्याला काठी लवकर सुटली, सुरुवातीचे आठवडे हलके गेले. मागून केलेल्याला कमोडवर उंच सीट, खाली वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, ही सगळी बंधनं कडक होती. पण वर्षभराने दोन्ही खुबे सारखेच झाले आणि अभ्यासही साधारण हेच सांगतात, तेव्हा फक्त लवकर चालता येतं म्हणून पुढून करू नका.

माझं गाडं अडलं ते पायाच्या लांबीवर.

उजव्या ऑपरेशननंतर तो पाय लांब वाटायला लागला. डॉक्टर म्हणाले थांबा, वर्षानुवर्षं खुबा आखडलेला असतो, कंबर तिरकी झालेली असते, त्यामुळे पाय खरा लांब नसला तरी वाटतो, ३ ते ६ महिन्यांत स्नायू सैल झाले की बसतं. हे खरंच आहे, बऱ्याच जणांचं बसतं, म्हणून लगेच चपलेला टाच लावून घेऊ नये. माझं थोडं बसलं, पूर्ण नाही. एक्स-रेवर साधारण १ सेंटीमीटर निघालं. तेवढं चालतं म्हणतात, बहुतेकांना जाणवतही नाही म्हणतात. मला जाणवत होतं, आणि शेजारच्या काकींना माझ्याआधी, खळ्यातून चालताना बघून म्हणाल्या, "डाक्टरान तुझो पाय लांब केल्यान की काय रे?"

यावर उपाय काय, तर दुसऱ्या बुटात हील पॅड. आता सांगा, कोकणात बूट घालतो कोण? अंगठ्याची चप्पल, तीही पायरीशी काढायची. घरात अनवाणी, देवळात अनवाणी, परसात विहिरीपर्यंत बरेचदा अनवाणी. म्हणजे पॅड दिवसातून तासभर आणि तिरकी कंबर उरलेला सगळा वेळ. ऑफिसात बूट घालून बसणाऱ्या मुंबईकराला जो १ सेंटीमीटर परवडतो तो आपल्याला परवडत नाही असं माझं मत झालंय, आणि चिऱ्याच्या उंचसखल पायऱ्या रोज चढणाऱ्याला तर नाहीच. संध्याकाळी कंबर धरायची ती याच्यामुळेच.

मग हे का होतं? मागून करताना पेशंट कुशीवर असतो, कंबर किंचित कलली तरी अंदाज चुकू शकतो, शिवाय खुबा निसटू नये म्हणून सर्जन कधीकधी सांधा जरा ताठ ठेवतो आणि त्यात पाय लांबतो. निसटण्यापेक्षा थोडा लांब बरा, हा त्यांचा हिशोब चुकीचाही म्हणता येत नाही. पुढून करताना पेशंट उताणा, दोन्ही घोटे शेजारी शेजारी, आणि ऑपरेशन थिएटरातच सी-आर्मवर (फिरत्या एक्स-रे मशीनवर) दोन्ही बाजूंचा एक्स-रे बघून नव्या सांध्याचा बॉल बदलता येतो. माझ्या डाव्याला तसंच केलं आणि आता अनवाणी उभं राहिल्यावर कंबर सरळ वाटते. अर्थात इथे डाव्या खुब्याच्या सर्जनला सोपं होतं, उजवा पाय किती लांब आहे हे त्याला आधीच माहीत होतं, तेवढंच जुळवायचं होतं, सगळं श्रेय पुढच्या वाटेला देणं बरोबर नाही.

पुढूनचे तोटेही आहेत. मांडीच्या बाहेरच्या बाजूला एक पट्टा अजून बधिर आहे, तिथली नस ओढली जाते. पोट सुटलेल्यांची जखम जांघेच्या घडीत येते, आपल्या पावसाळी दमटपणात ती सुकवायला त्रास. हात बसायला सर्जनला बऱ्याच केसेस लागतात, नवख्याकडे मांडीचं हाड तडकायचा धोका जास्त. हाड वाकडं असेल किंवा आधी ऑपरेशन झालेलं असेल तर मागूनच बरं, तिथे जागा मोकळी मिळते.

मागून करणाऱ्यांनाही लांबी नीट जमते बरं का, कमरेच्या हाडात पिन ठोकून कॅलिपरने मोजणारे आहेत, कॉम्प्युटर किंवा रोबोट वापरणारे आहेत. त्यामुळे गावाजवळ मागून करणारा मुरलेला माणूस असेल तर नुसत्या पुढूनसाठी लांब जायची गरज नाही. फक्त ओपीडीत विचारा, ऑपरेशन चालू असताना पायाची लांबी कशी तपासता? "हाताला अंदाज येतो" एवढंच उत्तर आलं तर दुसरीकडे दाखवा. बाकी दोघंही सारखेच अनुभवी असतील आणि तुम्ही दिवसभर अनवाणी वावरणारे असाल, तर मी पुढून करून घेईन.