पातेल्यातलं पाणी लालच राहिलं होतं

३२,४८० रुपये गेले. चौघींचे मिळून. आकडा आधीच सांगते, म्हणजे "गेले असतील थोडेफार" असं कुणाला वाटायला नको. अनामत प्रत्येकी ४,०००, म्हणजे १६,०००. सहा किलो पांढरी लोकर २,१५० रुपये किलोने, १२,९००. रंगांचा संच २,३६०. कुरिअर ७८०. आणि "विणकर नोंदणी" म्हणून १,५०० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,७७०. बेरीज ३३,८१०. पहिल्या खेपेत सुटलेले १,३३० वजा केले की ३२,४८०.

योजना तुमच्या ओळखीचीच आहे. लोकर आणि रंग त्यांच्याकडून घ्यायचे, घरी रंगवायचं, टोप्या, कानपट्ट्या, मनगटी विणायच्या आणि तयार माल तेच परत विकत घेणार. अनामत "परत मिळणारी". नाव इथे लिहीत नाही, कारण व्हॉट्सअॅपवर ते नाव आतापर्यंत दोनदा बदललंय. नाव लक्षात ठेवून उपयोग नाही, पद्धत लक्षात ठेवा.

आम्ही या कामात नवख्या नाही, म्हणून तर जास्त लाज वाटते. बाळंतविड्याच्या कुंच्या-मोज्यांपासून कानटोप्यांपर्यंत वर्षानुवर्षं विणतोय, रंगवतोयही. आणि आंधळेपणाने उडीही मारली नव्हती. आधी एकच किलो मागवली, कुरिअरचे १२० धरून २,२७० रुपयांना. ती लोकर अस्सल होती. एक पदर तोडून जाळून पाहिला: केस जळल्याचा वास आला, ज्योत काढली की विझला, राख बोटात चुरली की भुगा. ती रंगवली, १८ टोप्या विणल्या आणि प्रत्येकी २०० रुपयांप्रमाणे ३,६०० खात्यात आले, तेही तिसऱ्या दिवशी. यानंतर कुणी विश्वास ठेवला नसता, ते सांगा.

दुसरी ऑर्डर ४० टोप्या, ४० कानपट्ट्या आणि मनगटींच्या ४० जोड्यांची. टोपीला ५५ ग्रॅम, कानपट्टीला ३०, जोडीला ५०, म्हणजे ५,४०० ग्रॅम. घट धरून सहा किलो. हिशोब त्यांनीच करून पाठवला आणि तो बरोबर होता. मोठ्या ऑर्डरसाठी अनामत, ही अट इथे पहिल्यांदा आली.

आता तो दिवस. चार लड्या, ४०० ग्रॅम. प्रत्येक लड चार जागी सैल, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी बांधलेली, म्हणजे गुंता होत नाही आणि बांधलेल्या जागी पांढरा पट्टा राहत नाही. अर्धा तास कोमट पाण्यात भिजवली, पाण्यात दोन थेंब पातळ साबण. स्टीलचं मोठं पातेलं, जे स्वयंपाकात पुन्हा कधीच जात नाही. गडद लाल हवा होता, म्हणून लोकरीच्या वजनाच्या २ टक्के रंग, म्हणजे ८ ग्रॅम. पाऊण वाटी पांढरं व्हिनेगर. थर्मामीटर लावून हळूहळू ८५ अंशांपर्यंत, उकळी येऊ न देता.

खऱ्या लोकरीला अ‍ॅसिड डाय (व्हिनेगरसारख्या आम्लाने बसणारा रंग) लावला की काय होतं, ते एकदा पाहिलेलं माणूस विसरत नाही. आधी पाणी गर्द असतं. वीसेक मिनिटांत ते पातळ दिसायला लागतं. अर्ध्या तासाने चमचाभर पाणी पांढऱ्या बशीत घेतलं, तर ते जवळजवळ नितळ असतं. सगळा रंग धाग्यात गेलेला असतो. आमच्या बशीतलं पाणी चाळिसाव्या मिनिटाला कोकमाच्या सरबतासारखं होतं. आणि काठीने वर उचललेली लड फिकट गुलाबी. बाळाच्या तळव्याचा असतो तेवढा गुलाबी.

तिथेच गॅस बंद करायला हवा होता. तिथेच, त्या बशीपाशी. चौघींनी ती बशी पाहिली आणि चौघीही काय बोललो, तर "व्हिनेगर कमी पडलं असेल". अजून पाव वाटी ओतलं. मग "टँकरचं पाणी जड असतं". त्या आठवड्यात सोसायटीत टँकर येत होता हे खरं, आणि जड पाण्याने काही रंग नीट बसत नाहीत हेही खरं. पण जड पाण्याने फार तर छटा मळते, एखादा रंग दाणेदार बसतो. ८ ग्रॅममधला बहुतेक रंग पाण्यातच राहत नाही. हे आम्हाला माहीत होतं. आमची अनामत भरून झाली होती, म्हणून आम्हाला ते नको होतं.

फोन केला, तर पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, "ताई, ही सुपरवॉश मेरिनो आहे ना, तिला रंग जरा उशिरा चढतो." हे साफ खोटं आहे आणि ज्यांनी सुपरवॉश हाताळलीय त्यांना ते लगेच कळायला हवं. मेरिनो ही मेरिनो मेंढीची मऊ लोकर आणि सुपरवॉश म्हणजे मशीनमध्ये धुतली तरी न आटणारी. तिच्या धाग्यावरचे खवले क्लोरीनच्या प्रक्रियेने काढलेले किंवा राळेने झाकलेले असतात. त्यामुळे ती रंग उशिरा नाही, उलट लवकर आणि जास्त गडद घेते. इतक्या झपाट्याने की ठिपके पडू नयेत म्हणून व्हिनेगर मागाहून घालावं लागतं. पण त्या एका शब्दाने त्यांची दुसरी अडचणही मिटली. साध्या लोकरीची दोन टोकं ओली करून तळहातांत चोळली की एकजीव होतात. ही होत नव्हती. सुपरवॉशही होत नाही. झालं, आम्ही गप्प. यापुढे कुणी "सुपरवॉश आहे म्हणून" असं काहीही सांगितलं, तर आधी रंगवून बघा आणि मग ऐका.

पुढे लड्या तीन-तीनदा रंगवल्या. लाल कसाबसा आला, धुताना निम्मा गेला. विणायला घेतलं: रिबला, म्हणजे टोपीच्या लवचिक काठाला, साडेतीन नंबरच्या सुया, वर चार नंबरच्या, १०४ टाके, एक सुलट एक उलट पाच सेंटिमीटर. ओढून सोडली की रिब परत मिटली पाहिजे, कपाळाला धरली पाहिजे. ती ओढली तशीच राहायची. हीसुद्धा खूण होती. अ‍ॅक्रिलिक (लोकरीसारखा दिसणारा कृत्रिम धागा) गरम पाण्यात तापून ओढलं गेलं की त्याची उसळी मरते आणि ती परत येत नाही. खरी लोकर ८५ अंशांतून निघूनही उसळते. आम्ही टाके कमी केले, ९६ वर आणले, एक नंबर बारीक सुई घेतली. धाग्याचा दोष हातावर घेत बसलो.

माल पाठवला आणि नवव्या दिवशी उत्तर आलं: "रंग जातोय, रिब सैल, सगळा लॉट नापास, करारानुसार अनामत जप्त." सोबत ओल्या पांढऱ्या रुमालावर घासलेल्या टोपीचा फोटो. रुमाल गुलाबी झाला होता. फोटो खोटा नव्हता. इथे माझं डोकं फिरलं, कारण सगळी रचनाच तेव्हा समोर आली. त्यांना टोप्या नकोच होत्या. ज्या धाग्यावर रंग बसूच शकत नाही तो द्यायचा आणि रंग बसला नाही म्हणून अनामत ठेवून घ्यायची. तुमचा हात कितीही सफाईचा असो, माल नापासच होणार. अशा योजनेत लोकरीतला नफा हा वरकड असतो, खरा धंदा अनामतीचा.

मग जे आधी करायचं ते केलं. पहिल्या किलोतली उरलेली १० ग्रॅम आणि दुसऱ्या खेपेतली १० ग्रॅम, दोन्ही एकाच पातेल्यात. रंगाचं एक टक्क्याचं द्रावण ४० मिली, दोन चमचे व्हिनेगर, तोच संच, तेच पाणी. अर्ध्या तासात पाणी नितळ. पहिली लड रक्तासारखी लाल, दुसरी कातडीच्या रंगाची. रंग चांगला होता, पाणी चांगलं होतं, आमचा हातही चांगला होता.

दुसऱ्या खेपेचा धागा जाळला, तेव्हा केसांचा वास आलाच. म्हणून वासावर थांबू नका. थोडी लोकर मिसळलेली असली तरी वास येतो. राख बघा. टोकाला काळा, टणक मणी झाला आणि तो बोटांत चुरत नसेल, तर त्यात अ‍ॅक्रिलिक किंवा तसलंच काही आहे. धागा चिमट्यात धरा, खाली पाण्याची ताटली ठेवा, कारण वितळलेला थेंब कातडीला चिकटतो. सुती धागा कागदासारखा जळतो, राख करडी आणि मऊ. त्याला हे रंग लागतच नाहीत. त्याला रिअ‍ॅक्टिव्ह रंग आणि सोडा अ‍ॅश लागतो.

वासापेक्षा पक्की चाचणी ब्लीचची. साध्या क्लोरीन ब्लीचमध्ये लोकर विरघळते, अ‍ॅक्रिलिक तसंच राहतं. रंग मोजायच्या छोट्या काट्यावर ५ ग्रॅम धागा मोजला, काचेच्या बरणीत रात्रभर ठेवला, गाळला, धुतला, वाळवला. ३.९ ग्रॅम उरला. म्हणजे "१०० टक्के मेरिनो"मध्ये लोकर पाव भागही नव्हती. खिडकी उघडी ठेवा, हातमोजे घाला आणि त्या बरणीजवळ व्हिनेगर अजिबात आणू नका. ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो. रंगकाम करणाऱ्यांच्या ओट्यावर दोन्ही बाटल्या शेजारी असतात, म्हणून मुद्दाम सांगते.

आणि चाचणी प्रत्येक लडीची करा. पहिल्या खेपेची करून आम्ही निर्धास्त राहिलो. पहिली खेप खरी असणं हा त्यांच्या खर्चाचाच भाग होता.

आता तक्रारीचं. चौकीत बरणी, दोन्ही लड्या, पावत्या, सगळं घेऊन गेलो. ड्युटीवरच्या साहेबांनी लड हातातसुद्धा घेतली नाही. "ताई, माल मिळाला ना तुम्हाला? मग हे दिवाणी आहे. कोर्टात जा." आम्ही म्हटलं, माल नाही मिळाला, दुसराच मिळाला. तर "लोकर ती लोकर". दुसऱ्या दिवशी गेलो, तर साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या दिवशी सांगितलं, कंपनीचा पत्ता या हद्दीत नाही. दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न बघता नोंदवून घ्यावी लागते, हे नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट लिहिलंय, आणि फसवणूक करून माल किंवा पैसे काढून घेणं हे न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली दखलपात्र आहे. हे आम्ही छापून नेलं. कागद टेबलावर तसाच राहिला. चार बायका दुपारभर बाकड्यावर बसून होत्या आणि आत कुणीतरी हसत म्हणालं, "विणकामाची केस आलीय." सहा-सहा तास एका टोपीवर बसणाऱ्या बाईच्या श्रमाला कुणी श्रम म्हणत नाही, म्हणून हे धंदे चालतात.

चौकीत नोंदवून घेतलं नाही, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या त्याच कलमाप्रमाणे वरिष्ठांना लेखी, टपालाने पाठवता येतं. पुण्यात ते पोलीस उपायुक्तांना. पोचपावती जपा. आम्ही पाठवलंय.

बँकेत सांगितलं, "पिन तुम्हीच टाकलात, आम्ही काय करणार?" आणखी एका कार्यालयात ऐकलं, की तुम्ही धंद्यासाठी खरेदी केली, तुम्ही ग्राहकच नाही. हे चूक आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी केलेली खरेदी व्यापारी मानलेली नाही. तिथून कुणी परत पाठवलं, तर निघून येऊ नका. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्कही नाही. ग्राहक हेल्पलाइन १९१५.

सगळ्यात महाग पडली ती वाट पाहणं. अनामत "सोमवारी परत करतो" म्हणत त्यांनी आम्हाला १९ दिवस लटकवलं. पैसे ऑनलाइन गेले असतील, तर त्याच तासात सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करा. रक्कम पुढे सरकायच्या आत अडवता येते, नंतर ते फार अवघड होतं. आमचे पैसे कंपनीच्या नव्हे, एका माणसाच्या खात्यावर गेले होते. यूपीआयवर नाव दिसतंच, आम्ही वाचलंही होतं. वाटलं, मालक असतील.

बिलावरचा जीएसटी क्रमांक मोजा. १५ अक्षरं असतात; महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, पुढची दहा पॅनची. आमच्या बिलावर १४ होती. पोर्टलवर टाकला असता, तर मिनिटात कळलं असतं, आणि तेही फुकट. "नोंदणी"वर १८ टक्के लावणाऱ्याकडे नोंदणीच नव्हती.

अनामत मागणाऱ्याला एकच विचारा: माल नापास झाला तर तो मला परत मिळणार का? आमच्या ४० टोप्या, ४० कानपट्ट्या, मनगटींच्या ४० जोड्या त्यांच्याकडेच आहेत. परत पाठवायचे १,१०० मागितले, ते मात्र दिले नाहीत.

तुमच्याकडे तसल्या लड्या आल्या असतील तर फेकू नका, पुन्हा रंगवायच्या भरीसही पडू नका. प्रत्येक लडीतले २० ग्रॅम न रंगवता, तारीख घालून पाकिटात बंद करा, कुरिअरची चिठ्ठी त्यातच. ठाण्याला वूल रिसर्च असोसिएशन आहे, तिथे लोकरीची तपासणी होते. काट्यावरच्या आमच्या ३.९ ग्रॅमला आयोगासमोर कुणी विचारणार नाही, प्रयोगशाळेच्या कागदाला विचारतील. आमची पाकिटं तिकडे पाठवायला तयार आहेत. तुमची त्यात घातलीत, तर तक्रार चौघींची राहणार नाही.