स्टुडंटची टी-चाचणी की वेल्चची?

दोन गटांच्या सरासरीतला फरक खरा की नुसता योगायोग, हे तपासायला बहुतेक जण डोळे झाकून स्टुडंटची टी-चाचणी लावतात. १९०८ मध्ये विल्यम गॉसेटने ‘स्टुडंट’ या टोपणनावाने तिचा पाया घातला. (गडी नोकरीला होता डब्लिनच्या गिनेस बिअर कारखान्यात!) तिची एक अट मात्र जाचक: दोन्ही गटांतला विखुरलेपणा सारखा हवा. हेच काम करणारी वेल्चची चाचणी ही अट घालत नाही.

आकडेच पाहा. पहिल्या गटात १० जण, प्रमाण विचलन (विखुरलेपणाचं माप) १२. दुसऱ्यात ४० जण, विचलन ४. सरासरीत फरक ६ गुणांचा. स्टुडंट दोन्ही विचलनं एकत्र कालवते; मोठ्या गटाचं वजन जास्त, म्हणून प्रमाण त्रुटी (या फरकाच्या अंदाजातली अनिश्चितता) येते जेमतेम २.२४, टी (फरक भागिले त्रुटी) २.६८ आणि पी-मूल्य (खरा फरक नसताना निदान एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.०१ च्या आसपास. म्हणजे फरक लक्षणीय! वेल्च मात्र प्रत्येक गटाची त्रुटी वेगळी धरते; एकूण येते ३.८५. टी घसरतो १.५६ वर, स्वातंत्र्य मात्रा (अंदाज किती स्वतंत्र माहितीवर टेकलाय त्याचं माप) ४८ वरून साडेनवावर, पी साधारण ०.१५. निष्कर्षच पालटला.

गट सारख्याच आकाराचे असतील तर दोन्हींचा टी एकच येतो, फरक फक्त स्वातंत्र्य मात्रेत. मग आधी विचलनं सारखी आहेत का ते तपासून चाचणी निवडावी? मला तो उपद्व्याप वाटतो. छोट्या नमुन्यात ती तपासणीच फसते. मी थेट वेल्च वापरते. ‘आर’ या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेत तीच आपोआप लागते, पायथन या संगणकभाषेच्या सायपाय या गणिती संचात मात्र समान विचलनाचा पर्याय स्वतः बंद करावा लागतो.